न जुळणाऱ्या कॅसेट

१२ जानेवारी

वन्संना सप्रेम नमस्कार.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर तुम्ही "हं, हं" करत समोर दुसरंच काहीतरी वाचत असता, ते मला इकडे ऐकू येतं. पत्राला तसं फसवता येत नाही. म्हणून हा खटाटोप.

आमच्या वाचनालयाचा कायापालट झाला. तुमच्याच खात्याने केला म्हणतात, तेव्हा अभिनंदनही तुमचं आणि गाऱ्हाणंही तुमच्याकडेच. आत पाऊल टाकलं तर वाटलं, दवाखान्यात शिरले की काय. भिंती पांढऱ्याफटक, माणसं गप्प, आणि दाराशी नंबर देणारं यंत्र. कपाटं गेली. त्यांच्या जागी जमिनीवर रंगीत पोती ठेवली आहेत, त्यांच्यावर बसून वाचायचं. मी बसले. बसले ती बसलेच. शेवटी दोघी बायकांनी दोन बाजूंनी धरून मला उभी केली. तोवर अर्धं मासिक वाचून झालं, तेवढाच फायदा.

पुस्तक हवं असेल तर आता पडद्यावर बोट लावायचं, मग ते कुठल्याशा गोदामातून येतं. पण माझं बोट पडद्याला कळतच नाही. जन्मभर लोकांच्या कपड्यांना इस्त्री केली, बोटांची टोकं पार गुळगुळीत झाली. पडदा म्हणतो, "पुन्हा प्रयत्न करा." मी म्हटलं, बाबा, तूच कर.

हे सगळं चालवून घेईन. एक गोष्ट मात्र विचारायची आहे. कोपऱ्यातलं ते कॅसेटचं कपाट होतं ना, दृष्टी नसलेल्या वाचकांसाठी ह्यांनी वाचलेल्या पुस्तकांचं? तेही नाही. हे गेल्यापासून मी त्यातली एकही ऐकली नाही, तुम्हाला ठाऊक आहे. ऐकवत नाही. पण पुस्तक बदलायला गेले की कपाटावर नजर टाकायची, घराबाहेर पडताना आतल्या खोलीत कोणी आहे ना, हे बघावं तशी. परवा तिथे बघितलं तर एक कुंडी. तीही प्लॅस्टिकची.

विचारलं तर म्हणाले, "मुख्य केंद्रात पाठवल्या." मुख्य केंद्र म्हणजे तुम्हीच. तर वन्सं, तुमचा भाऊ तुमच्याकडे नीट पोचला का? आणि त्याचं पुढे काय करायचं ठरवलं आहे?

तुमची वहिनी


२४ जानेवारी

प्रिय वहिनी,

तुझ्या लग्नात मी फ्रॉकमध्ये होते आणि "मला वन्सं म्हण, नाहीतर जेवणार नाही" असा हट्ट धरला होता. तो तू अजून पुरवते आहेस. ऑफिसात सगळे मला मॅडम म्हणतात, आणि टपालात येतं "वन्संना नमस्कार". शिपाई आता मला चोरून बघतो.

पोती माझी कल्पना नव्हती. कुंडी होती. क्षमा असावी.

दादा पोचला. सगळी खोकी माझ्या खोलीतच आहेत. आता नीट सांगते, रागावू नकोस. कॅसेटच्या फिती जुन्या झाल्या, तुटतात. आणि आता यंत्रच पुस्तक वाचून दाखवतं. दृष्टी नसलेल्या माणसाला पूर्वी आपल्याकडे मोजकी पुस्तकं मिळायची, कुणी वाचून ठेवली असतील तेवढीच. आता हवं ते पुस्तक, हव्या त्या वेळी मिळतं. ही मोठी गोष्ट आहे, वहिनी. मी आयुष्यभर नोकरी ह्याच्यासाठी केली.

जुन्या कॅसेटसाठी नियम असा: प्रत्येक कॅसेट संगणकात घ्यायची आणि छापील पुस्तकाशी शब्दाला शब्द ताडून बघायची. जुळली तर ठेवायची, नाही जुळली तर काढून टाकायची. डोळस माणसाला जे पुस्तक मिळतं तेच त्यांनाही मिळालं पाहिजे. कमी नाही आणि जास्तही नाही. हा नियम मी स्वतः लिहिला आहे. दादाची काळजी करूच नकोस. बसस्थानकावर जन्मभर गाड्यांच्या वेळा पुकारल्या त्याने, एकही चुकली नाही. तो पुस्तकात काय चुकणार?

जाता जाता एक गंमत. एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर आहेत, तुमच्याच वाचनालयाचे वाचक, जन्मापासून दृष्टी नाही. दीपगृहाच्या रखवालदाराची ती कादंबरी दादाची अर्धीच राहिली होती ना? आम्ही यंत्राकडून पूर्ण वाचून घेतली. तर त्यांची तक्रार आली: "आपल्या यंत्राने एक पान गिळले आहे. रखवालदार पायरीवर बसून बायकोशी बोलतो ते. कृपया परत करावे." यंत्र तपासलं, त्याने काहीही गिळलेलं नाही. आता त्यांना काय कळवू?

तुझी, फ्रॉकमधली


३ फेब्रुवारी

वन्सं,

नियम चांगला आहे. जुळेल ते ठेवायचं, बाकीचं काढायचं. नशीब तुम्ही विवाह मंडळ काढलं नाहीत.

तुमच्या टेलिफोनवाल्यांसाठी मी ती कादंबरी गोदामातून मागवली. पडद्यावर बोट नाही चाललं, कोपर चाललं. सबंध पुस्तक पुन्हा वाचलं. रखवालदार जिना उतरून खाली येतो, नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण होतं, ती बोचकं बांधते, मग वादळ. पायरीवर बसून बोलणं कुठेही नाही. गंमत म्हणजे, ते मलाही अंधुक आठवतं! दुसऱ्या कुठल्यातरी पुस्तकातलं असेल. शिवाय ती कादंबरी वाचत होतो तेव्हाच ह्यांची दवाखान्याची वारी सुरू झाली. त्या दिवसांतलं मला धड काही आठवत नाही. टेलिफोनवाल्यांना कळवा, तुम्ही आणि मी, दोघंही म्हातारे झालो.

पुस्तकाच्या वासाने सगळं आठवत बसले. आमची पद्धत तुम्हाला माहीत आहे का? हे स्वयंपाकघरात टेबलाशी बसायचे, दार-खिडक्या लावून. एका हातात माईक, दुसरा हात रेकॉर्डरच्या बटणावर. रस्त्यावर मोटार आली की बटण दाबून थांबायचं, गेली की पुढे. मग पान कोण उलटणार? मी. बोलायची सोय नाही, म्हणून पान संपलं की हे कोपराने मला हळूच ढोसायचे. पुस्तक आमच्या दोघांच्या मध्ये. वाचायला मी तिथेच शिकले. साक्षरतेच्या वर्गात एकदा मी चुकले आणि शिकवणाऱ्या बाई हसल्या, त्या दिवसापासून तिकडे फिरकले नव्हते. ह्यांच्या शेजारी बसून, आवाजाच्या मागे मागे अक्षरांवरून नजर फिरवत गेले. नंतर नंतर चांगलं वाचता यायला लागलं, पण ह्यांच्या वेगाने नाही. मी वरच्या ओळींतच असायचे आणि कोपर यायचं.

आणि ह्यांचं वाचणं! नायिका नायकाच्या गळ्यात पडते ते असं वाचायचे, की वाटावं नायिका फलाट क्रमांक तीनवर लागत आहे.

त्या कॅसेट जपा. मी ऐकणार नाही, पण असू द्यात.

वहिनी


२६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

थोडक्यात लिहिते, कामं फार आहेत.

दादाच्या कॅसेट ताडून झाल्या. बऱ्याच जुळल्या. काही नाही जुळल्या. दीपगृहाची नाहीच जुळली. नियमाप्रमाणे न जुळलेल्या काढाव्या लागतील. एप्रिलअखेर समितीची बैठक आहे, तिथे यादी मंजूर होईल. तुला आधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं.

प्रकृतीला जप.


४ मार्च

वन्सं,

"प्रकृतीला जप" म्हणे! तुम्ही प्रकृतीवर आलात की समजावं, पोटात काहीतरी दडवलं आहे. लहानपणी बरणी फोडलीत तेव्हाही तुम्ही सासूबाईंना आधी, "आई, तुझे पाय दुखतात का?" असं विचारलं होतंत. मी नवी नवरी, तेव्हाच ओळखलं.

जुळत नाही म्हणजे काय? ह्यांनी ओळी खाल्ल्या? हा माणूस दुकानाची पाटी वाचली तर खालचा पत्ता वाचल्याशिवाय पुढे जात नसे. औषधाच्या बाटलीवरचं सगळं मला मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि मग म्हणायचे, "आता घे." शेवटच्या दिवसांतसुद्धा पलंगाला लावलेल्या कागदातली एक चूक त्यांनी नर्सला दाखवली. अशा माणसाने पुस्तकात काटछाट केली, हे मला तुमचा संगणकच काय, तुमची समिती सांगायला आली तरी पटायचं नाही.

ताडायला माणूस बसवा. तुम्ही स्वतः बसा. तुमचा भाऊ आहे. हेडफोन का काय ते लावा, "हं, हं" करू नका, आणि नीट ऐका. मग मला खरं काय ते लिहा. वाईट असलं तरी चालेल. ह्यांच्याबद्दलचं सगळ्यात वाईट ते माझं ऐकून झालं आहे.

वहिनी


१५ मार्च

प्रिय वहिनी,

मी ऐकलं. तुझ्या पत्राआधीच ऐकलं होतं, म्हणूनच मागचं पत्र तसं लिहिलं गेलं. बरणी मीच फोडली होती.

दादाने ओळी खाल्ल्या नाहीत. वाढवल्या. सांगते.

पान उलटल्याचा आवाज कॅसेटमध्ये येतो, हलका, "सर्र" असा. पण जिथे जिथे जुळत नाही, तिथे तो आवाज जाड आहे. दोन पानांचा. वहिनी, तुझ्या हातून दोन पानं एकदम उलटली जायची. इस्त्रीने गुळगुळीत झालेल्या बोटांना पातळ कागद काय कळणार? पडद्याला बोट कळत नाही हे तू लिहिलंस तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आवाज झाला की दादा थांबतो. श्वास घेतो. गाडी उशिरा येणार असली की माईक सुरू करून तो जो श्वास घ्यायचा, तोच. आणि मग बोलायला लागतो. बटण दाबून "मागे घे, चुकलं" म्हणणं त्याला सहज जमलं असतं. पण मग तू दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसली नसतीस, हे त्याला माहीत होतं. वर्गातली गोष्ट माहीत होती ना त्याला. म्हणून मधल्या दोन पानांत काय असेल ते तो स्वतःच्या मनाने रचायचा, आणि अलगद पुढच्या पानावर जाऊन बसायचा. इतक्या वर्षांत एकदाही त्याने त्यासाठी बटण दाबलेलं नाही. एका कादंबरीत त्याने माणूस मारला, तो पुढच्या पानावर जिवंत निघाला, तर ह्याने "डॉक्टरांनी शर्थ केली" म्हणून त्याला वाचवला. मी खोलीचं दार लावून हसले. मग तेच पुन्हा लावलं.

दीपगृहाच्या कादंबरीत छापील पानांवर ते भांडण आहे. दादाला ते कुठे माहीत! त्याने तिथे काय म्हटलं ते लिहून पाठवते:

"रखवालदार जिना उतरून खाली आला. बायको पायरीवर बसली होती. तोही बसला. म्हणाला, दिवा मी लावतो, पण काच रोज तू पुसतेस. जहाजं भोंगा वाजवून मला सलाम करतात. तो सलाम खाली घेऊन यायचा असतो, आणि मी रोज वरच विसरून येतो. आज आठवणीने आणला आहे. बायको म्हणाली, जेवायला चला."

सगळं फलाट क्रमांक तीनच्या आवाजात. त्यानंतर वादळ. पुढच्या प्रकरणात बायको भांडणामुळे फणफणलेलीच आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटणार, बाई भलतीच अवघड दिसते.

त्या पानानंतर बटण बंद व्हायच्या आधी आणखी एक आवाज आहे. यंत्राने त्याच्यावर "अनावश्यक आवाज, पुसावा" अशी खूण केली आहे. मी तो पुसलेला नाही आणि लिहूनही पाठवत नाही. ती कॅसेट सोबत आहे. ऐकायची की नाही, ते तू ठरव.

नियम मी लिहिला आहे, वहिनी. दादासाठी मी तो कोणत्या तोंडाने मोडू?

तुझी


१० एप्रिल

वन्सं,

उत्तराला उशीर झाला. पाकीट बरेच दिवस टेबलावर तसंच होतं. मी त्याच्या भोवतीने टेबल पुसत होते.

मग एकदा टेलिफोनवाल्यांना वाचनालयात यायचा निरोप धाडला. म्हटलं, एकटीने ऐकवणार नाही, आणि त्यांचं पान सापडलं हेही त्यांना सांगायला हवं. ते काठी टेकत आले. मी म्हटलं, "नमस्कार, तुमचं पान मिळालं." तर गृहस्थ जागीच थांबले. म्हणाले, "अहो, 'शिका जरा' म्हणणाऱ्या त्या तुम्हीच ना?"

मला काही कळेना. मग आम्ही शेजारी बसून कॅसेट लावली. पोत्यावर नाही, खुर्च्या मागून घेतल्या. ह्यांचा आवाज आला. वन्सं, मला वाटलं होतं त्रास होईल. झाला. पण कसा, तर स्टँडवर गर्दीत उभं असताना आपलीच गाडी पुकारली जावी तसा. पायरी आली, काच आली, सलाम आला. आणि त्यानंतर मी.

मी! माझाच आवाज. ठसक्यात म्हणते आहे: "बघा, पुस्तकातले नवरे कसे बोलतात. शिका जरा!"

आणि हे हसतात. बटण बंद.

म्हणजे माझ्या नवऱ्याने उभ्या आयुष्यात मला जी काय चार वाक्यं म्हटली, ती मी पुस्तकातली समजले आणि वर त्यांनाच टोमणा मारला. आणि हा माणूस एक अक्षर बोलला नाही. पाणी प्यायले असतील आणि पुढचं पान वाचलं असेल. सांगा, याला काय म्हणायचं?

टेलिफोनवाले म्हणतात, त्यांच्या घरात हे वाक्य म्हण होऊन बसलं आहे. कुणी कुणाशी दोन शब्द चांगले बोललं की बाकीचे म्हणतात, "शिका जरा!" त्यांच्या नातीलाही येतं. मला तीन पिढ्या ओळखतात, आणि मला पत्ताच नाही.

आता तुमच्या नियमाचं. भावासाठी मोडू नका. ह्यांनी उशिरा आलेल्या नातेवाइकांसाठी कधी गाडी थांबवली नव्हती. टेलिफोनवाल्यांना मी विचारलं, तुम्हाला पुस्तक जसंच्या तसं मिळालं नाही, फसवणूक झाली असं नाही वाटत? ते म्हणाले, "पुस्तक मला आता यंत्र देतं, उत्तम देतं, त्याचे उपकार आहेत. पण हे पुस्तक नाही, बाई. हे दुसरंच काहीतरी आहे. हे कुठे मिळणार?" तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला याचं उत्तर येतं का बघा.

वहिनी


२ मे

प्रिय वहिनी,

"हे कुठे मिळणार?" हे वाक्य घेऊन मी आठवडाभर कपाळाला आठ्या घालून फिरले. शिपायाने मला स्वतःहून चहा आणून दिला.

मग एका सकाळी जिन्यात उजेड पडला. आमच्या इमारतीत खाली ग्रंथालय आणि वर दप्तरखाना. खालचा प्रश्न असतो, वाचकाला हे मिळतं का? वरचा असतो, जगात हे आणखी कुठे आहे का? मी जन्मभर खाली बसले, म्हणून खालचाच प्रश्न विचारत राहिले. आता बघ: जी कॅसेट पुस्तकाशी जुळते, ती नुसती प्रत आहे. तेच काम यंत्र जास्त चांगलं करतं. तिची आता कुणाला गरज नाही. जी जुळत नाही, ती जगात एकच आहे.

म्हणजे माझा नियम बरोबर उलटा होता.

समितीपुढे हे मांडलं. दादाची बहीण म्हणून मत दिलं नाही, बाहेर जाऊन बसले. दाराआडून हशा ऐकू आला. त्यांना मेलेल्या माणसाला वाचवणारा डॉक्टर ऐकवला असावा. मंजूर झालं. सगळ्यांच्याच न जुळणाऱ्या कॅसेट वर जाणार, फक्त दादाच्या नाहीत. दुसऱ्या एका वाचून दाखवणाऱ्याने म्हणे प्रत्येक प्रकरणाला शिंक दिली आहे. आणि काहीही पुसायचं नाही, पानांचे आवाज, मोटारी, "अनावश्यक आवाज", काहीच नाही.

दादाच्या जुळलेल्या कॅसेट मात्र नव्या नियमाप्रमाणे काढाव्या लागल्या. खोक्यात घालून तुझ्याकडे पाठवल्या आहेत. त्यात तू पानं नीट उलटलीस.

नोंदीत पुस्तक वाचणाऱ्याचं नाव असतं. मी त्याखाली एक ओळ वाढवली: "पाने उलटणारी: पत्नी." चालेल ना?

तुझी वन्सं


२१ मे

वन्सं,

खोकं पोचलं. म्हणजे जन्मभर मी पानं नीट उलटली असती, तर हे तुमच्या दप्तरखान्याबाहेरच राहिले असते. माझ्या चुकांनी त्यांना सरकारी जागा मिळाली. हे मी आता प्रत्येक जाऊबाईला सांगणार आहे.

"पत्नी" चालेल. "अवघड पत्नी" लिहिलंत तरी हरकत नाही.

एक कबूल करते. तुमच्या त्या पांढऱ्या दवाखान्यात एक काचेची खोली आहे, आवाज रेकॉर्ड करायची. कुणीही जाऊन बसावं. आत मोटारीचा आवाज येत नाही. ह्यांना केवढी आवडली असती. टेलिफोनवाल्यांनी हट्ट धरला की दीपगृहाचं उरलेलं अर्धं पुस्तक यंत्राकडून ऐकणार नाही, मीच वाचायचं. मी म्हटलं, माझं वाचणं रखडत चालतं. ते म्हणाले, मला कुठे गाडी पकडायची आहे?

तर काल बसले. ह्यांनी जिथे सोडलं होतं, तिथून. माझ्या एका हातात भिंग, दुसऱ्या हाताचं बोट ओळीवर. पान उलटायला माणूस हवा, म्हणून टेलिफोनवाले शेजारी. पान संपलं की मी कोपराने हळूच ढोसायचं, त्यांनी चाचपून उलटायचं. पहिली काही पानं झकास गेली. मग त्यांनी दोन उलटली.

त्यांना कळलं नाही. कळणार कसं? मी समोर बघितलं तर भलतंच वाक्य, मध्ये सगळं गायब. बटण माझ्यापासून वीतभर अंतरावर होतं.

मी श्वास घेतला. आणि म्हटलं:

"त्या दिवशी बायको पायरीवर आली. रखवालदार वर दिव्यापाशी होता, हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर नव्हता. तरी ती बोलली. म्हणाली, त्या दिवशी तुम्ही सलाम आणलात तो मला पोचला. जेवायला चला म्हटलं, कारण दुसरं काही सुचलं नाही. काच मी रोज पुसते."

मग पुढच्या पानावर गेले.

टेलिफोनवाले हसले, ह्यांच्यासारखेच, आणि माझ्या कोपराची वाट बघायला लागले.

तेव्हा वन्सं, ही कॅसेट जुळायची नाही. वर जागा ठेवा, ह्यांच्या शेजारी.

वहिनी